सावळेगावचा खरा फाटा

१४ डिसेंबर २०२५, रविवार. आदिनाथ दहातोंडे यांनी सकाळीच शेवगावला जाऊन सातशे पंच्याऐंशी रुपयांचा बाजार केला. एक किलो पेढे, फरसाण, दोन डझन केळी, विड्याची पानं, सुपारी आणि पोह्यांवर पेरायला नारळ. घरी आल्यावर बिल आधी तारेला टोचलं, मग पिशवी बायकोच्या हातात दिली. लेकीला बघायला पाहुणे येणार असले, तरी बिल तारेला टोचल्याशिवाय या गृहस्थाला पाणी गोड लागत नाही. घरातले त्या तारेला हसतात. तेही हसतात, पण टोचतात.

आदिनाथराव बी. कॉम. आहेत. सावळेगावातले दुसरे बी. कॉम. पहिले पुण्याला गेले ते परत आलेच नाहीत, त्यामुळे गावाच्या वाट्याला हे आले. शेवगावच्या एका जिनिंग मिलमध्ये तीस-बत्तीस वर्षं हिशेबनीस, येत्या मे महिन्यात निवृत्त. कापसाच्या गाठी मोजताना कधी चुकलो नाही आणि आयुष्यात दुसरं फारसं काही केलं नाही, असं ते स्वतःच सांगतात, आणि समोरच्याने 'छे छे, असं कसं' म्हणावं म्हणून थोडं थांबतात. सहसा कोणी म्हणत नाही.

त्यांचं सगळं आयुष्य एकाच रस्त्यावर गेलं. नेवासा फाट्यापासून भेंडा, कुकाणा करत शेवगावला जाणारा राज्यमार्ग. भेंड्याला मावशी, कुकाण्याला शाळा, शेवगावला नोकरी, आणि बायको भीमाबाई तीही याच रस्त्याकडेच्या एका वस्तीवरची. सावळेगाव या रस्त्यापासून थोडं आत आहे. जिथून गावाची वाट फुटते तो सावळेगाव फाटा. तिथं एक मोठा लिंब, पत्र्याची शेड, कारभारी गायके याचं चहाचं हॉटेल आणि एक पंक्चरवाला, एवढा पसारा होता. गावातून बाहेर पडणारा आणि बाहेरून गावात येणारा प्रत्येक माणूस त्या लिंबाखालून जायचा. कोण कुठं चाललंय, हे कारभारीला त्या माणसाच्या बायकोच्या आधी कळायचं.

या फाट्याची एक रीत आहे. सोयरिकीसाठी आलेले पाहुणे परस्पर गावात शिरत नाहीत. ते फाट्यावर थांबतात. मुलीच्या घरचा कर्ता माणूस तिथं जातो, रामराम घालतो आणि त्यांच्या पुढे चालत त्यांना घरी आणतो. पूर्वी वाट चिखलाची होती, बैलगाडीची चाकं रुतायची, वस्त्यांवरची कुत्री अंगावर यायची, म्हणून वाटाड्या लागायचा. आता डांबर आलं, कुत्र्यांनाही भुंकायचा कंटाळा आला, पण रीत राहिली. आदिनाथरावांच्या थोरल्या बहिणीच्या वेळी पाहुण्यांची जीप वाटेत बंद पडली, तर वडील दुपार उलटेपर्यंत उन्हात उभे होते. शेडमध्ये बाकडं असून बसले नाहीत. बसलेला माणूस वाट बघतोय असं वाटत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

दोन वर्षांपूर्वी रस्ता रुंद झाला. जुना रस्ता गावाच्या बाजूने मोठं वळण घ्यायचा. नव्या आखणीत तो सरळ गेला आणि लिंब, शेड, हॉटेल सगळं वळणासकट बाजूला पडलं. कुकाण्याच्या अंगाला, दीड-दोन किलोमीटरवर, नवा फाटा तयार झाला. तिथून गावात थेट डांबरी रस्ता. 'सावळेगाव' असा हिरवा बोर्डही तिथंच लागला आणि एसटीही तिथंच थांबू लागली. जुन्या वळणाचं कुकाण्याकडचं तोंड मोरीच्या कामात खणलं गेलं. राहिलं फक्त शेवगावकडचं, तेही खड्ड्यांचं.

गाव पेटलं. मारुतीच्या देवळात बैठक झाली. कृती समिती झाली, कारभारी गायके अध्यक्ष झाला आणि लिहिता-वाचता माणूस म्हणून आदिनाथराव सचिव झाले. बोर्ड आणि थांबा जुन्या फाट्यावर परत येईपर्यंत सावळेगावचा कोणीही माणूस नव्या फाट्यावर चढणार नाही, उतरणार नाही आणि दुकान लावणार नाही, असं ठरलं. लोक उठायला लागले होते. तेवढ्यात सचिवांना वाटलं, ठराव कसा परिपूर्ण हवा. त्यांनी खाली स्वतःच्या मनाने आणखी एक कलम घातलं: 'तसेच कोणत्याही कुटुंबाने आपल्या पाहुण्यांचे स्वागत सदर फाट्यावर करू नये.' हे कलम कोणी मागितलं नव्हतं. वाचून दाखवल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण जेवायची वेळ झाली होती.

त्यानंतर ठराव पाळला तो एकट्या सचिवांनी. शेवगावला जायला त्यांना जुना रस्ताच सोयीचा, त्यामुळे नवा फाटा त्यांच्या वाटेत येतच नव्हता. कधी कुकाण्याकडे जायची वेळ आली तर आधी शेवगावच्या दिशेने जाऊन मग उलटं फिरायचं आणि नव्या फाट्यावरून जाताना मान दुसरीकडे वळवायची. बाकीच्यांचं काय चाललंय, हे त्यांनी विचारलं नाही. कारभारीने मध्यंतरी 'झेपंना आता' म्हणून जुन्या फाट्यावरचं हॉटेल बंद केलं, तेव्हा आदिनाथराव समितीच्या बैठकीत त्याच्या त्यागाबद्दल अभिनंदनाचे दोन शब्द बोलले होते. बैठकीला तेव्हा तिघं होते. कारभारी खाली मान घालून बसला होता. आदिनाथरावांना वाटलं, भरून आलं असेल.

भीमाबाईंचं म्हणणं थोडक्यात होतं. "ठराव तुमीच लिवला, पाळता बी तुमीच. आता मोडा बी तुमीच."

तर त्या रविवारी सोनईहून येळवंडे मंडळी येणार होती. मुलगा ओंकार, शेतीच्या औषधांचं दुकान. आदिनाथरावांची स्नेहल आणि तो फार्मसीला एका वर्गात होते. दोघांनी आपापसात केव्हाच ठरवलं होतं. हे दहातोंड्यांच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि येळवंड्यांच्या घरातही, फक्त ओंकारचे चुलते श्रीमंतराव सोडून. ओंकारचे वडील तो लहान असताना गेले, चुलत्यांनी त्याला वाढवलं. त्यांनी हो म्हटल्याशिवाय त्या घरात गाय सुद्धा विकत घेत नाहीत. त्यांच्या मनात बेलापूरची एक मुलगी होती. ओंकारने कसंबसं त्यांना 'एकदा बघून तर घ्या' म्हणून तयार केलं होतं. पुढच्या आठवड्यात पौष लागणार होता आणि पौषात श्रीमंतराव बोलणी करत नाहीत. आज जमलं तर जमलं, नाहीतर बेलापूर.

आदल्या दिवशी आदिनाथरावांनी ओंकारच्या मोबाईलवर मार्ग लिहून पाठवला होता. 'सोनईहून घोडेगाव, तेथून नेवासा फाटा. तेथे उजवीकडे वळून भेंडा व कुकाणा सोडावे. पुढे एक नवा फाटा लागेल, तेथे वळू नये. तसेच पुढे जाऊन जुन्या रस्त्याने मागे फिरावे व मूळ सावळेगाव फाट्यावर थांबावे. मी हजर आहे.' ओंकारने उत्तरादाखल अंगठा पाठवला. वाचून पाठवला की न वाचता, हे अंगठ्यावरून कळत नाही.

निघताना स्नेहल दारात आली.

"आप्पा, आज फाट्यावरून वाद नको हं."

"वाद कोण घालतंय? मी फक्त उभा राहणार आहे."

"तेच तर."

पांढरा सदरा, इस्त्रीची पँट, खिशाला पेन. आदिनाथराव मोटारसायकल लिंबाखाली लावून वडिलांसारखे उभे राहिले. बाकड्यावर जवळच्याच वस्तीवरची रंगुबाई पेरूची पाटी मांडीजवळ घेऊन बसली होती. ती त्यांची लांबची चुलती लागते.

"कुनाची वाट बगतो रं आदिनाथा?"

"पाहुणे येणारेत, काकू. सोनईचे."

"हितं?"

"इथंच. फाटा हाच आहे."

रंगुबाईने एकीकडे पाहिलं, तिकडे खणलेली मोरी. दुसरीकडे पाहिलं, तिकडे रस्त्याच्या मधोमध एक म्हैस निवांत रवंथ करत होती.

"हिला घ्यायला आला असशील तर ही आली हाय बग."

"मग तू कशाला बसलीस इथं?"

"तुज्यासाठी. मला कुकान्याला जायचंय पेरू इकायला. म्हनलं आदिनाथ रोज हिकडून जातो, नव्या फाट्यावर सोडंल. तितनं लगी गाडी गावती."

"काकू, नव्या फाट्यावर जायचं नाही असा ठराव आहे. तुझा अंगठा आहे त्यावर."

"माजा?" रंगुबाईने थोडा विचार केला. "त्यो व्हय! मला वाटलं, निराधारच्या पगाराचा कागुद हाय. दोन वरीस झालं वाट बगती, पगार काय येईना."

तेवढ्यात फोन वाजला. ओंकार होता.

"काका, पोचलो आम्ही. फाट्यावर आहोत."

आदिनाथरावांनी रस्ताभर नजर टाकली. म्हशीशिवाय कोणी नव्हतं.

"समोर काय दिसतंय तुम्हाला?"

"हिरवा बोर्ड आहे, सावळेगाव लिहिलेला. चहाचं हॉटेल आहे."

"अहो, तो नवा फाटा. मी लिहिलं होतं, तिथं वळू नये. तसेच पुढे या, जुन्या रस्त्याने..."

"काका, जरा थांबा." ओंकारचा आवाज खाली आला. "चुलते बोलतायत."

फोनवर जड आवाज आला. "रामराम पाव्हनं. आमी फाट्यावर उभं हाय."

"रामराम, रामराम. साहेब, तो खरा फाटा नव्हे. खरा पुढे आहे. आपण शेवगावच्या दिशेने जाऊन जुन्या रस्त्याने..."

"खरा फाटा पुढं, मंग ह्यो बोर्ड काय पाव्हन्यांची चेष्टा करायला लावलाय?"

"नाही, त्याचं असं आहे, दोन वर्षांपूर्वी..."

"ते ऱ्हाऊ द्या. तुमच्याकडं पाव्हन्याला घ्यायला यायची रीत हाय का न्हाई?"

"आहे ना. मी त्यासाठीच उभा आहे."

"कुटं?"

या प्रश्नाला आदिनाथरावांकडे चांगलं तीन पानी उत्तर होतं. पण ते द्यायच्या आत श्रीमंतराव म्हणाले, "आमी चहा सांगितलाय. चहा संपंस्तोवर हाय हितं. मंग गाडी सोनईकडं वळवतो. राग मानू नका." आणि फोन बंद झाला.

आदिनाथराव उभेच राहिले. आता जावं तर आपल्या हाताने लिहिलेलं कलम आपल्याच पायाखाली येतं. न जावं तर लेकीचं जमतंय ते मोडतं. दुसरा कोणी असता तर एव्हाना अर्ध्या वाटेत असता. हे गृहस्थ ठरावात अपवादाची तरतूद का केली नाही, याचा विचार करत होते. केली असती तर 'अपरिहार्य कौटुंबिक कारण वगळता' एवढे शब्द पुरले असते. त्यांना स्वतःचीच कीव आली. बत्तीस वर्षांच्या नोकरीत माणूस किती निकामी होऊ शकतो, याचा नमुना म्हणून आपल्याला मिलच्या फाटकात उभं करावं, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं.

पुन्हा फोन. स्नेहल.

"आप्पा, ओंकारचा मेसेज आला. कुठं आहात?"

"फाट्यावर."

"आप्पा."

"जुन्या."

"तुम्ही जाताय का मी स्कूटी काढू?"

"तू कशी जाशील? बघायला येणाऱ्यांना मुलगीच आणायला गेली, असं कधी झालंय का?"

"मग तुम्ही जा. आप्पा, त्या ठरावाचं गावात कुणाला काही पडलेलं नाही. ओंकारचे चुलते आज परत गेले ना, तर पुन्हा येणार नाहीत. मला त्याच घरात जायचंय."

शेवटचं वाक्य ती हळू बोलली. लहानपणी ही मुलगी जत्रेत सुद्धा काही मागायची नाही, आणि तिला काही नकोच आहे असं धरून आदिनाथरावांनी बरेच पैसे वाचवले होते.

"निघालो," ते म्हणाले.

त्यांनी किक मारली आणि मागचा भाग एकदम खाली बसला. रंगुबाई पाटीसकट चढली होती.

"काकू, उतर. मला घाई आहे."

"मला बी हाय. चल."

मोरीच्या कडेने दुचाकीपुरती पायवाट होती. तिच्यावरून मोटारसायकल एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कलत गेली. ओहोळाचा चिखल इस्त्रीच्या पँटीवर गुडघ्यापर्यंत उडाला. मागून रंगुबाई "आरं माजं पेरू, आरं माजं पेरू" असा गजर करत होती.

नव्या फाट्यावर पोचल्यावर आदिनाथरावांना आधी पाहुणे दिसलेच नाहीत. दिसलं ते गाव. जुन्या फाट्यावरचा पंक्चरवाला त्याच्या हवेच्या पंपासकट तिथं होता. न्हावी होता. देवळातल्या बैठकीत सगळ्यात मोठ्याने घोषणा देणारे तिघं वडाखाली पत्ते खेळत होते. आणि हिरव्या बोर्डाला अगदी खेटून, तेच पत्रे, तीच बाकडी, तीच काळी किटली घेऊन, कृती समितीचे अध्यक्ष उभे होते.

पत्त्यांचा डाव अंगाखाली गेला.

"या सेक्रेटरी, या!" कारभारीच आधी सावरला. "किती येळ लावला. पाव्हनं कवाचं थांबल्यात."

"तू तर हॉटेल बंद केलं होतंस ना?"

"केलं हुतं की. तितलं."

बाकड्यावर श्रीमंतराव बसले होते. पांढरी टोपी, हातात कप. शेजारी ओंकार, त्याची आई, मेहुणा आणि ड्रायव्हर. सगळ्यांच्या हातात कप. श्रीमंतरावांनी चिखलाने भरलेली पँट पाहिली, मग मागून उतरणाऱ्या रंगुबाईकडे पाहिलं.

"मातोश्री का?"

"नाही, त्यांना कुकाण्याला जायचंय."

"पेरू घ्या की पाव्हनं," रंगुबाई म्हणाली. "ग्वाड हाईत."

आदिनाथरावांनी हात जोडून रामराम घातला. श्रीमंतरावांनीही घातला, पण उठले नाहीत.

"मला एक सांगा दहातोंडे. फोनवर तुमी म्हनला, ह्यो खरा फाटा न्हवं. मंग आमी बसलोय ते कुटं?"

वडाखालचे तिघं कान देऊन ऐकत होते. पंक्चरवाल्याने हातातलं टायर खाली ठेवलं. आदिनाथरावांना ठरावाची सगळी भाषा तोंडपाठ होती. मूळ, वहिवाटीचा, पूर्वापार. ओंकार त्यांच्याकडे बघत होता आणि त्याच्या आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं होतं.

"हाच फाटा आहे," आदिनाथराव म्हणाले.

"मंग मगाशी?"

"मगाशी मी चुकीच्या ठिकाणी उभा होतो. तसा दोन वर्षं तिथंच उभा आहे."

पत्तेवाल्यांपैकी एक जण फिस्सकन हसला. मग सगळेच हसले. आदिनाथरावांना हसू आलं नाही, पण हसणाऱ्यांचा राग आला नाही, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

श्रीमंतराव मात्र हसले नाहीत. त्यांनी कप बाजूला ठेवला.

"ह्या हॉटेलवाल्यानं मला समदं सांगितलंय. एक कप संपला की लगी दुसरा भरतोय. म्हनलं बाबा, पुरं. तर म्हनतो, 'आवो, आमच्या सेक्रेटरीसारखा शब्दाचा पक्का मानूस तालुक्यात न्हाई. आमी समद्यांनी ठराव मोडला, त्यो एकटा पाळतोय.' खरं का?"

आदिनाथरावांनी कारभारीकडे पाहिलं. कारभारी किटलीत साखर टाकण्यात फारच गुंतला होता.

"खरं आहे. पण त्यात काही मोठेपणा नाही. आळस होता. वाकड्या वाटेने जायची सवय झाली होती."

"असं म्हनता." श्रीमंतराव उठले आणि टोपी नीट केली. "दोन वरीस एकट्यानं ठराव पाळनारा मानूस येडा तरी आसतो, न्हाईतर सोयरा करावा असा. घरी गेल्यावर बगू कोनता ते. चला, व्हा पुढं."

आदिनाथराव मोटारसायकलवर पुढे आणि पाहुण्यांची गाडी मागे, अशी ती मिरवणूक नव्या डांबरी रस्त्याने गावात गेली. रस्ता गुळगुळीत होता. घर पाच मिनिटांत आलं. हा रस्ता इतका चांगला आहे, हे त्यांना त्या दिवशी कळलं, आणि ते कोणाला सांगता येण्यासारखं नव्हतं.

भीमाबाईंनी नवऱ्याची पँट पाहिली. मागच्या दाराने धुतलेलं धोतर काढून दिलं. पोहे झाले, पेढे झाले. श्रीमंतरावांनी स्नेहलला दोनच गोष्टी विचारल्या. शिक्षण विचारलं, आणि मग, "तुझा बाप घरी बी असाच हाय का?"

"घरी जास्त," स्नेहल म्हणाली.

म्हातारा तेव्हा पहिल्यांदा हसला. ओंकारने इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सोडलेला बाहेर ओट्यावर ऐकू आला. ऊन कलायच्या आत सुपारी फुटली. पौष झाल्यावर माघात तारीख काढायची, असं ठरलं. लग्नाला सोनईची मंडळी कोणत्या फाट्यावर उतरणार, असं मेहुण्याने गमतीने विचारलं, तेव्हा आदिनाथराव म्हणाले, "बोर्ड असेल तिथं." आणि कोणाच्या ध्यानात यायच्या आत पानाचं तबक पुढे केलं.

संध्याकाळी कृती समितीच्या सचिवपदाचा राजीनामा लिहायला ते बसले. कोणाला द्यायचा, हा प्रश्न आला. अध्यक्ष नव्या फाट्यावर चहा विकत होते आणि सदस्य त्यांच्या समोर पत्ते खेळत होते. त्यांनी पेन खिशाला लावलं.

सोमवारी ते मुद्दाम नव्या फाट्यावरून कामाला गेले. थोडं लांब पडतं. वडाखालच्या तिघांनी त्यांना पाहून हात वर केला आणि त्यांनीही केला. कारभारी दुकानावर नव्हता, कुकाण्याला साखर आणायला गेला होता. पाहुण्यांच्या चहाचे पैसे दुसऱ्या कोणाच्या हातात देणं आदिनाथरावांना पटलं नाही. मंगळवारी कारभारी होता, पण म्हणाला, "आता न्हाई, मागनं बगू." पाहुण्यांना दिलेले पंधरा चहा आणि दोन बिस्किटचे पुडे, एकूण एकशे नव्वद रुपये, अजून द्यायचे आहेत.